चौघांची मोटार आणि वळणावरचा भोंगा

रत्नागिरीत मोटारी जिथे उभ्या राहायच्या, त्याच्या समोरच माझी खानावळ होती. माझं माहेर गुहागरचं, माडापोफळींतलं. नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, मूलबाळ नव्हतं, आणि सासरच्या घरात माझ्या वाट्याला चूल तेवढी राहिली. जन्मभर रांधायचंच आहे तर स्वतःसाठी रांधू, असं ठरवून मी रत्नागिरीला आले. एक पडवी भाड्याने घेतली आणि भात, कुळथाची पिठी, माशाचं कालवण असं करून येणाऱ्याजाणाऱ्याला वाढायला लागले.

रोज येणाऱ्यांत तीन माणसं होती. एक हवालदार. ते महारवाड्यातले, लढाईच्या वेळी पलटणीबरोबर मेसोपोटेमियात जाऊन आलेले. मोटार चालवायला आणि खोलून पुन्हा जोडायला ते तिकडेच शिकले होते. स्टँडवर कुणाची मोटार बंद पडली की त्यांना बोलावणं जायचं. पण दुरुस्त झालेल्या मोटारीचं चाक त्यांच्या हातात कुणी देत नसे. दुसरे चाचा, खाडीकाठच्या मुसलमान वस्तीतले. त्यांचं सारं आयुष्य आगबोटींच्या पोटात, इंजिनाशेजारी गेलं होतं. छाती धरायला लागली म्हणून ते घरी आले होते आणि घरी त्यांचं मन लागत नव्हतं. तिसरे तात्या, कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे. जातीने ब्राह्मण, बोलायला तिखट. माझ्याकडे ते जेवत नसत, चहा मात्र घेत, आणि तेवढ्यावरूनही त्यांच्या आळीत बोभाटा झालेला होता.

एके दिवशी सकाळी चिपळूणची मोटार काही केल्या सुरू होईना. ती मोटार एका घरच्या भावाभावांची होती. चालवणारा भाऊ, तिकीट फाडणारा भाऊ, पेट्रोलचे डबे आणणारा चुलतभाऊ. हवालदारांनी इंजिनात हात घालून ती सुरू करून दिली. तेवढ्यात एक बाई आली. पाठीशी तापाने फणफणलेलं पोर, हातात गाठोडं. तिला गावी जायचं होतं. तिकीट फाडणाऱ्याने तिला नखशिखांत बघितलं आणि जात विचारली. तिने सांगितली. मोटार तिला न घेता निघून गेली.

हवालदार हात पुशीत उभे होते. काळं फडकं त्यांनी किती तरी वेळ हातातून सोडलं नाही. मग माझ्या पायरीशी येऊन म्हणाले, "चाचा, आपली मोटार पायजे."

चाचा बशीत चहा ओतत होते. "इंजिन मी बघेन. चाक तू धर."

तात्या वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "परवाना मी काढतो. कचेरीतला एकूण एक माणूस मला ओळखतो. निम्मे घाबरतातही."

मी चुलीपाशी होते. म्हटलं, "आणि मी?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. तात्या म्हणाले, "वहिनी, तुम्ही मोटारीत काय करणार?"

"बसेन," मी म्हटलं. "बाई बसलेली दिसली की बायका बसतील."

असं ते ठरलं. मी पाटल्या मोडल्या, बाकीच्यांनी आपापल्या परीने पैसे घातले, आणि मुंबईहून एक जुनी लॉरी आणली. तिच्यावर सुताराने लाकडी बाकं ठोकली, वर ताडपत्रीचं छप्पर घातलं. भोंगा चाचांनी आपल्या पेटीतून काढून दिला. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी तो घेतलेला. पितळी, रबरी फुग्याचा. त्याचा आवाज इथल्या भोंग्यांसारखा चिरका नव्हता, घुमणारा होता. गाय वासराला हाक मारते ना, तसा.

पहिले काही दिवस मोटारीत आम्हीच चौघं. लोक बघायला यायचे, बसायला नाही. तात्यांच्या भावांनी त्यांचं ताट वेगळं केलं. पण हळूहळू मोटार भरायला लागली, आणि ती ज्या रीतीने भरली ते मी अजून विसरले नाही. मी पुढच्या बाकावर बसलेली दिसायचे, म्हणून सासुरवाशिणींना माहेरी पाठवणारी माणसं आमच्याकडे यायला लागली. "बाई आहे ना मोटारीत? मग न्या," म्हणायची. चाचांच्या ओळखीने खाडीकाठचे खलाशी आणि त्यांची बिऱ्हाडं आली. आतल्या गावांतून हवालदारांची माणसं यायची, ज्यांना दुसरं कुणी घेतच नव्हतं. आणि दावे चालवणारे कुळवाडी तात्यांच्या मागोमाग यायचे, वाटभर त्यांना सल्ला विचारीत. चिपळूणच्या त्या भावांच्या मोटारीत एकाच तऱ्हेची माणसं असायची. आमच्या मोटारीत सगळा जिल्हा खेटून बसलेला असायचा. भांडणंही तेवढीच व्हायची. पण मोटार भरलेली असायची.

त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. हातखंब्याच्या पुढे रस्ता जांभ्या दगडाचा उघडा सडा सोडून नदीकडे उतरतो. त्या उतारावर एक आंधळं वळण होतं. एका अंगाला जांभ्याची कापलेली भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. समोरून येणारं दिसायचं नाही, म्हणून वळणाआधी भोंगा द्यायचा, आणि समोरून भोंगा आला तर वर येणाऱ्याला वाट द्यायची, असा रिवाज होता.

भर दुपारची वेळ होती. सड्यावरचा दगड तापून हवा थरथरत होती. चाचांनी भोंगा दाबला. वळणाच्या पलीकडून भोंगा आला.

हवालदारांनी मोटार भिंतीला लावून उभी केली. आम्ही वाट बघत बसलो. कुणी येईना. इंजिनाची घरघर चालू होती, म्हणून हवालदारांनी ते बंद केलं. तेव्हा कळलं की दुसरा कसलाच आवाज नाही. एवढ्या झाडीत एक पाखरू बोलत नव्हतं. माझ्या शेजारी नवी नवरी बसली होती, तिने माझं मनगट धरलं. "आली का वो गाडी?" तिने विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

आली नाही. शेवटी हवालदार उतरले, चालत वळणाच्या टोकाला जाऊन बघून आले. चाकाशी बसताना एवढंच म्हणाले, "रस्ता मोकळा हाय." खाली नदीपर्यंत आम्हाला ना मोटार भेटली, ना बैलगाडी.

तात्या म्हणाले, प्रतिध्वनी. कापलेल्या दरडीवर आवाज आपटतो आणि परत येतो. आम्हालाही ते पटलं. पण दुसऱ्या खेपेला चाचांचा हात फुग्याकडे जायच्या आतच पलीकडून भोंगा आला. तोच घुमणारा आवाज. चाचांचा हात तसाच हवेत राहिला.

तात्यांना असलं काही खपायचं नाही. पुढच्या खेपेला ते वळणाच्या अलीकडे उतरले, छत्री उघडून पुढे चालत गेले आणि बरोब्बर टोकावर उभे राहिले. तिथून त्यांना दोन्हीकडचा रस्ता दिसत होता. आम्ही मागे थांबलो. ठरल्याप्रमाणे चाचा भोंगा देणार होते. त्यांनी दिला. उत्तर आलं. आम्हाला लांबून काळी छत्री तेवढी दिसत होती. ती एकदम एका अंगाला झुकली, जशी जवळून काही वेगाने गेलं म्हणजे झुकते. मग तात्या परत आले. छत्री मिटायची विसरले होते.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"माझ्या अगदी जवळून गेलं, वहिनी. गरम हवा लागली. तापलेल्या इंजिनाचा वास आला." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "रस्ता रिकामा होता. मी डोळे उघडे ठेवून उभा होतो."

त्या दिवसापासून तात्यांच्या तोंडून प्रतिध्वनी हा शब्द आला नाही.

कोकणात प्रत्येक वळणाला, प्रत्येक वडाला कोणीतरी राखणदार असतो. त्याला वर्षाला नारळ, कोंबडा द्यायचा, की तो गावाला सांभाळतो. म्हणून मी उताराच्या वरच्या गावात जाऊन एका म्हाताऱ्या गावकाराला विचारलं, त्या वळणावर कोण आहे, कुणी मेलं होतं का तिथे. तो विचार करून म्हणाला, "नाय वो बाय. थय कोन मेला नाय. आन त्यो आमचा नाय. आमची शीव अल्याड संपली. पल्याडच्यांचा असल."

मी नदीकडच्या गावात गेले. तिथल्या माणसाने वरच्या गावाकडे बोट दाखवलं. "त्यांचा तो. आमची शीव खाली आहे."

दोन गावांच्या शिवेमधला तो एवढासा तुकडा. कुणी कधी तिथे नारळ ठेवला नव्हता, कुणी नाव दिलं नव्हतं, कुणाची गोष्ट तिथे घडली नव्हती. परत येताना उन्हातही माझ्या अंगावर काटा आला. भूत असतं तर मला बरं वाटलं असतं.

बातमी फुटायची ती फुटली. भावांच्या मोटारीवरची माणसं स्टँडवर ओरडून सांगायची, "भुताच्या मोटारीत बसू नका!" आमची बाकं रिकामी दिसायला लागली. एके दिवशी दुपारी आम्ही चौघं खानावळीच्या पायरीवर बसलो. आता बंद करावं की काय, असंच सगळ्यांच्या मनात होतं.

"भावांची मोटार तिथे थांबत नाही," तात्या म्हणाले. "भरधाव जाते. त्यांना काही होत नाही. आपणही तसंच जावं."

"मी थांबनार," हवालदार म्हणाले. "भोंगा आला म्हंजे कोनतरी हाय. आपल्याला दिसत नाय म्हनून कोन नाय, असं नाय. पलटनीत हेच्यापायी माणसं गेलेली मी बघितलीत."

चाचा म्हणाले, "धुक्यात आगबोट भोंगा देते. समोरून भोंगा आला तर कप्तान विचारत नाही, भूत आहे का बोट आहे. तो इंजिन रोखतो."

मला वेगळंच वाटत होतं. ज्याला कुणीच आपलं म्हणत नाही, त्याच्या अंगावरून भरधाव जाऊ नये, असं. मी म्हटलं, "लोकांना उतरवू या. वळणापुरतं चालू देत. मी पुढे चालते. मोटार मागून रिकामी येऊ दे. उतारूंना मोटारीत बसून भीती वाटते. पायाखाली जमीन असली की एवढी वाटणार नाही."

तात्या म्हणाले, "अवघड वळणावर उतारू उतरवून नेणारी कंपनी, असं मला परवान्याच्या अर्जात लिहिता येईल. कचेरीत त्याचं वजन पडेल. करा."

चौघांची चार कारणं होती आणि एकाचंही कारण दुसऱ्याला पुरतं पटलेलं नव्हतं. आम्ही एका घरची माणसं असतो तर घरातल्या वडीलधाऱ्याने नारळ फोडून विषय संपवला असता, नाहीतर हसून सोडून दिला असता, आणि बाकीच्यांनी मान डोलावली असती. आमच्यात तसं वडीलधारं कुणी नव्हतं. म्हणून ते थांबणं चालू राहिलं.

गणपतीआधी पावसाने उघडीप दिली आणि पावसाळ्यात बंद पडलेले रस्ते सुरू झाले. भरलेली मोटार घेऊन आम्ही निघालो. सकाळचे आठ-नऊ झाले असतील. पावसानंतरचं पिवळं ऊन पडलं होतं, सड्यावर गवत गुडघाभर वाढलं होतं. वळणाआधी चाचांनी भोंगा दिला आणि उत्तर आलं. पण एरवीसारखं एकदा येऊन थांबलं नाही. ते येतच राहिलं. लांबत गेलं. हाक मारून घसा बसावा, तसं होईपर्यंत.

हवालदारांनी मोटार रोखली. "बाय, आज तुम्ही फुडं नको," ते म्हणाले. पण मी उतरले होते आणि माझ्यामागे बायका उतरल्या होत्या. त्या माझ्या पदराला धरून चालत होत्या. आवाज थांबला. आम्ही टोकाशी पोचलो.

पुढे रस्ता नव्हता. दरीकडची सगळी बाजू तुटून खाली गेली होती. लाल माती ओली, ताजी, अजून खडे सुटून घरंगळत होते. जांभ्याच्या भिंतीला लागून माणूस जाईल एवढी कड उरली होती. कुणी रडलं नाही. कुणाला सुचलंच नाही.

तेवढ्यात खालून मोटारीची घरघर ऐकू आली. भावांची मोटार चिपळूणहून येत होती, नेहमीसारखी भरधाव. त्यांच्या बाजूने तुटलेली जागा वळण घेतल्याशिवाय दिसणार नव्हती. चाचा उलटे मोटारीकडे पळाले आणि भोंगा दाबत सुटले. हवालदार त्या कडेवरून, दरडीला पाठ लावून, करवंदीच्या जाळ्या धरत पलीकडे गेले. मी डोळे मिटून घेतले. घरघर जवळ आली, आणि मग थांबली.

पुढचं हवालदारांनी सांगितलं ते असं. ते पलीकडे उतरले तेव्हा भावांची मोटार वळणाच्या पुष्कळ खाली आधीच उभी होती. चालवणारा भाऊ रस्त्यात उतरून पाठमोरा उभा होता, ज्या रस्त्याने आला त्या रस्त्याकडे बघत. हवालदारांनी हाक मारली तेव्हा तो दचकला.

"मागे कोणाची मोटार आहे?" त्याने विचारलं.

"मागं कोन नाय."

"आहे. मगापासून भोंगा देत्येय. वाट द्यावी म्हणून थांबलो."

"आमचा भोंगा आसल. चाचा वाजवत व्हते."

"तुमचा पुढून आला, तो नंतर. मी थांबलो तो मागच्या भोंग्याने," तो म्हणाला. मग हवालदारांनी त्याला टोकापर्यंत नेऊन तुटलेला रस्ता दाखवला. तो तिथेच चिखलात बसला. त्याच्या मोटारीत गणपतीला गावी निघालेली माणसं होती, लेकुरवाळ्या बायका होत्या.

त्या दिवशी आमचे उतारू कडेवरून एकेक करून पलीकडे गेले आणि भावांच्या मोटारीत बसून चिपळूणला गेले. त्यांचे उतारू आमच्याकडे आले. कुणी जात विचारली नाही. मोटार हातखंब्याला पोचेपर्यंत पोरंही रडली नाहीत.

रत्नागिरीला आल्यावर मी भात टाकला. हवालदार सवयीने पायरीवर बसायला गेले. मी म्हटलं, "आत या." ते हलले नाहीत. तात्या उठले, त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले, आणि शेजारी बसून पहिल्यांदाच माझ्या हातचं जेवले. ते पाहून काही गिऱ्हाइकं उठून गेली. त्यातली काही पुन्हा आली, काही कधीच आली नाहीत.

पुढे महिनाभराने भावांतला थोरला माझ्याकडे आला. दोन्ही मोटारी एकत्र चालवू म्हणाला. नम्र होता, खोटं कशाला सांगू. फक्त म्हणाला, "हवालदार चालवायला राहू देत. भागीदारीत नाव नको."

तात्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "त्यांचं नाव नाही तर मोटार नाही," म्हणाले. "मोटार थांबवणारा माणूस आमच्यात तो आहे. तुमच्यात तो कोण आहे?" थोरला उठून गेला.

त्यानंतर आमचं चांगलं चाललं. एकाच्या दोन मोटारी झाल्या, पुढे चिपळूणहून गुहागरपर्यंत तिसरी सुरू केली. हवालदारांनी शिकवलेले चालक कुणबी होते, भंडारी होते, चाचांचा भाचा होता. लोक आम्हाला "उतरवणारी कंपनी" म्हणायचे. सुरुवातीला चेष्टेने, मग तसंच नाव पडून गेलं. म्हातारी माणसं मुद्दाम आमचीच मोटार मागायची.

रस्ता बांधून निघाल्यावर मला वाटलं होतं, भोंगा आता थांबेल. जे सांगायचं होतं ते सांगून झालं असेल. पण तो थांबला नाही. कधी महिनोन्महिने येत नसे, मग एखाद्या स्वच्छ दुपारी यायचा. का येतो, कुणासाठी येतो, ते आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही त्याबद्दल आपसांत बोलणंही सोडलं. चाचा गेले त्या वर्षी तो बराच वेळा आला. पण त्यातून काही अर्थ काढू नये, असं तात्यांनी मला बजावलं होतं, आणि मी काढला नाही.

शेवटी एकदा, पुष्कळ वर्षांनी, मी माहेरी गुहागरला निघाले. मोटार आमचीच होती, चालक नवा होता. मला ओळखत नव्हता. वळणापाशी त्याने मोटार थांबवली, भोंगा दिला आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांना उतरायला सांगितलं. उतारू उतरले, बोलत, विड्या पेटवीत, मुलांना हाताशी धरून. मीही उतरले. मग एकदम सगळे थबकले. शेजारच्या माणसाने विडी तोंडातून काढली. एका बाईने मुलाला जवळ ओढलं. चालक माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आला बघा, आजी. जरा थांबू या."

मी कान देऊन उभी राहिले. चालकाचं हळू बोलणं नीट ऐकू आलं होतं, पण आता मला काहीही ऐकू आलं नाही. वारा नाही, पाखरू नाही, भोंगा नाही. आजूबाजूला सगळे मान कलती करून ऐकत होते आणि त्यांच्यामध्ये मी एकटीच काही न ऐकता उभी होते. इतक्या वर्षांत तिथे मी कधी एवढी घाबरले नव्हते.

"चला, झाला वाटतं," चालक म्हणाला, आणि सगळे चालायला लागले. मी त्या बाईचा पदर धरला आणि तिच्या मागोमाग वळण ओलांडलं.

संध्याकाळी गुहागरला पोचले. भावजय अंगणात उभी होती. गाठोडं घेत म्हणाली, "दमलात का वन्सं? चेहरा का असा?"

"ऊन लागलं," मी म्हटलं आणि पाय धुवायला विहिरीवर गेले.